हॅटी आंटींचा खोकला

आमच्या बेटावरच्या हिलो गावात माणसं दोन गोष्टी कुणालाही सांगत नाहीत. एक म्हणजे मासे कुठे लागतात, आणि दुसरी म्हणजे घरच्या गिटारच्या तारा कशा लावल्या आहेत. बाकी सगळं सांगतात. कुणाच्या मुलीचं लग्न का मोडलं, कुणाचं मूत्रपिंड कुठल्या अवस्थेत आहे, हे पोस्टाच्या रांगेत उभं राहून मोठ्या आवाजात सांगतात. पण तारांचा विषय काढा, की समोरचा माणूस आभाळाकडे बघतो आणि पाऊस येईलसं वाटतंय म्हणतो. हिलोत पाऊस येतोच, त्यामुळे त्याला खोटं पाडता येत नाही.

याचं कारण असं, की आमच्याकडे गिटार वाजवायच्या आधी तिच्या तारा सैल सोडतात. किती आणि कुठली, हे प्रत्येक घराण्याचं आपापलं असतं. मग अंगठ्याने खर्ज धरायचा आणि उरलेल्या बोटांनी वरची धून काढायची, म्हणजे एकच माणूस दोघांचं वाजवतो. या तारांच्या जुळणीवर घराण्याची अब्रू अवलंबून असते. माझे मामा एलायस काउपू, ज्यांना आम्ही अंकल म्हणायचो, ते तर याबाबतीत कहर होते. वाजवून झालं, की गिटार खाली ठेवायच्या आधी ते सगळ्या खुंट्या पिळून तारा ढिल्या करून टाकत. त्यांच्या माघारी कुणी गिटार उचललीच, तर त्याच्या हाती काही लागू नये. आणि समोर कुणी रेकॉर्डर काढला, की अंकलना हटकून लघवीला लागायची. ती रेकॉर्डर पिशवीत परत जाईपर्यंत संपत नसे.

परिणाम असा, की अंकल गेले तेव्हा त्यांचं वाजवणं त्यांच्याबरोबर गेलं. त्याचा एक तुकडाही कुठे शिल्लक राहिला नाही.

एका रविवारी मी त्यांच्या बायकोला, हॅटी आंटींना, सामान बांधायला मदत करत होतो. आंटी लेकीकडे लास व्हेगासला कायमच्या निघाल्या होत्या. आमची निम्मी माणसं म्हातारपणी त्या वाळवंटात जाऊन राहतात. इथली घरं परवडत नाहीत, हे कारण. शनिवारचं विमान होतं. आंटी एकेक कप वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मध्येच एक कप हातात धरून त्या थांबल्या.

"तिथे सगळं मिळतं म्हणे, वेंडेल," त्या म्हणाल्या. "आपली अळूच्या कंदांची पोईसुद्धा मिळते. एलायसचं वाजवणं तेवढं नाही मिळायचं."

यावर शहाण्या माणसाने गप्प बसून पुढचा कप द्यायचा असतो. मी म्हणालो, "आंटी, मी देतो रेकॉर्ड करून. शनिवारच्या आत."

आता मी काही अगदीच ऐरागैरा नव्हे. परगण्याच्या पाणी खात्यात मी पर्यवेक्षक आहे आणि दर शनिवारी व्हरांड्यात गिटार वाजवतो. बरं वाजवतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. शिवाय माझ्या मनात बरीच वर्षं एक रचना घोळत होती. ज्यांच्यामुळे मी वाजवायला लागलो, त्यांना वाहिलेली. पहिला भाग माझ्या आईचा, कारण ती इस्त्री करताना गुणगुणायची. दुसरा चर्चमधल्या डीकन पुहींचा, आणि तिसरा, सगळ्यात मोठा, एलायस अंकलचा. नावही ठरलं होतं: 'ज्यांनी मला घडवलं'.

"घडवून झालंय का पण?" शार्लीनने विचारलं. ही माझी बायको. शाळेच्या कचेरीत असते आणि तिथली मुलं तिला घाबरतात.

मी गिटारवरची धूळ पुसायला घेतली. कलावंताने अशा वेळी मौन पाळावं.

पहिला प्रश्न जागेचा होता. ऑफिसातल्या एकाकडून माईक उसना आणला आणि पाहुण्यांच्या खोलीत लावून ऐकला, तर त्यात गिटार सोडून सगळं ऐकू येत होतं. शेजारच्या नाकाशिमाबाई कुंपणावरून हे सगळं बघत होत्या. त्यांचं वय ऐंशीच्या घरात आहे आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांच्याकडे एक सल्ला तयार असतो.

"कपड्यांच्या कपाटात बसा," त्या म्हणाल्या. "आवाज कपड्यांत मुरतो. आणि भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा."

"इतके ट्रे आणायचे कुठून?"

"आग्बायानींकडे कोंबड्या आहेत ना!"

पलीकडचे आग्बायानी फार सज्जन गृहस्थ. त्यांनी ढीगभर ट्रे आणून दिले. कोंबड्यांच्या सहवासात ट्रेवर जे जे साचतं, ते सगळं तसंच होतं. मी ते शार्लीनच्या कपाटात चिकटवले. तिचा चर्चचा पांढरा झगा आतच राहिला होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, हे मला मान्य आहे. ते मला बऱ्याच वेळा मान्य करावं लागलं.

कपाटात बसल्यावर दुसरी अडचण कळली. आग्बायानींकडे नुसत्या कोंबड्या नव्हत्या, एक कोंबडाही होता. मी पहिला सूर छेडला रे छेडला, की तो बांग द्यायचा. मी थांबलो की तोही थांबायचा.

"त्याला काय सांगू मी?" आग्बायानी दुःखी होऊन म्हणाले. "एरवी दुपारचा झोपतो हो तो. तुमचं वाजवणं ऐकूनच उठतो."

यात माझ्या वाजवण्यावर टीका आहे की काय, यावर मी थोडा विचार केला. पण आग्बायानींनी स्वतःहून तोड काढली. मी वाजवायला बसलो की त्यांनी कोंबड्याला गाडीत घालून समुद्रकाठी फिरवून आणायचं. "त्याला खिडकीशी बसायला आवडतं," ते म्हणाले. अशी माणसं शेजारी असली की मला हिलो सोडवत नाही.

कोंबडा गेला आणि फ्रीजची घरघर ऐकू येऊ लागली. मी फ्रीजचं बटण बंद केलं. वाजवायला लागल्यावर मला कशाचं भान राहत नाही, हा माझा गुण आहे. त्या दिवशीही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी शार्लीनने फ्रीज उघडला. आत आंटींच्या निरोपाच्या जेवणासाठी तिने आणि तिच्या बहिणीने रविवारभर बसून केलेले लाउलाउ होते. अळूच्या पानांत बांधलेलं डुकराचं मांस दिवसभर उकाड्यात राहिलं की काय होतं, याचं वर्णन मी करत नाही. शार्लीनने सगळे लाउलाउ माझ्या हातात दिले, फावडं दिलं आणि परसाकडे बोट दाखवलं.

हे सगळं मी सोसलं, कारण खरी अडचण वेगळीच होती. मला अंकलची जुळणी येतच नव्हती. कानात होती, पण बोटांत उतरत नव्हती. कुठली तार किती सोडायची, हे ठाऊक असलेलं माणूस आता एकच उरलं होतं. मी आंटींना घरी बोलावलं.

"मला विचारू नकोस," त्या दारात सपाता काढतानाच म्हणाल्या. "एलायसला शब्द दिलाय मी."

"पण आंटी, तुमच्यासाठीच तर चाललंय हे!"

"असेल. शब्द म्हणजे शब्द." मग त्या खुर्चीत नीट बसल्या आणि मांडीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू लाव तुझ्या परीने. मी नुसती बसते. घसा मात्र जरा खराब आहे माझा."

मी सगळ्यात जाड तार थोडी सैल केली आणि छेडली. आंटी खोकल्या. आणखी सैल केली. पुन्हा खोकल्या, पण जरा कमी. आणखी एक पीळ सोडला, तेव्हा त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. पण पडला! मग आम्ही तारेमागून तार घेत गेलो. सूर फार चढला तर त्या कोरडं खोकायच्या, उतरला तर ओलं. मी मुद्दाम तपासायला एक तार भलतीकडेच नेली, तेव्हा त्यांना अशी काही उबळ आली, की कुंपणापलीकडून नाकाशिमाबाईंनी ओरडून विचारलं, "आंटींना दवाखान्यात न्यायचं का?"

तेवढ्यात बर्नार्डचा फोन आला. बर्नार्ड माझा मामेभाऊ, अंकलचा पुतण्या. होनोलुलूला अग्निशमन दलात होता. निवृत्त झाल्यापासून विझवायला काही उरलं नाही, म्हणून तो काउपू कुटुंबाचा अध्यक्ष झाला. कुणी निवडला, ते माहीत नाही.

"मी काय ऐकतोय?" तो म्हणाला. "जुळणी रेकॉर्ड करतोयस? अरे, ती तुझी एकट्याची आहे का? पणजोबांची ठेव आहे ती. तुझी तर आई काउपू, तू नव्हेस!"

"आंटींसाठी करतोय रे."

"आंटी तर लग्न होऊन आलेल्या. मीटिंग घ्यावी लागेल."

मीटिंग फोनच्या पडद्यावर झाली. निम्म्या भावंडांचं कपाळ दिसत होतं आणि एका बहिणीचा नुसता पंखा. पणजोबांना आदरांजली वाहण्यात बराच वेळ गेला. मीही दोन शब्द बोललो. आमच्या रक्तातच ही जुळणी आहे, असं मी छातीवर हात ठेवून म्हणालो. शेवटी ठरलं ते असं, की उपसमिती नेमावी आणि तिने पुढच्या महिन्यात निर्णय द्यावा. विमान शनिवारचं आहे, हे मी सांगितलं, पण तेव्हा सगळे एकदम बोलत होते.

मी ठरवलं, उपसमिती गेली खड्ड्यात. गुरुवारी आंटी पुन्हा येऊन बसल्या. खोकला कमी कमी होत गेला आणि दुपारी शेवटची तार लागली तेव्हा थांबलाच. मी सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला आणि माझ्या अंगावर काटा आला. तोच आवाज होता! अंकलच्या व्हरांड्यातला, रविवार दुपारचा. मी आंटींकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"माईक लावतो," मी म्हणालो.

आणि त्याच क्षणी दार ढकलून नाकाशिमाबाई आत आल्या. हातात खोकल्याच्या औषधाची बाटली. "हे घ्या आंटी, आल्याचं आहे," असं म्हणत त्या थेट गिटारपाशी येऊन उभ्या राहिल्या.

पुढे जे झालं, ते मी केलं नाही. माझ्या हातांनी केलं. परका माणूस जवळ आला, आणि माझ्या दोन्ही हातांनी सहाच्या सहा खुंट्या भराभर पिळून तारा ढिल्या करून टाकल्या. अंकलना लहानपणापासून हेच करताना पाहिलं होतं. समोर होत्या नाकाशिमाबाई, ज्यांना गिटार आणि बदक यांतला फरक फारसा कळत नाही. आणि मी त्यांच्यापासून घराण्याची ठेव वाचवली होती. माझ्यापासूनही वाचवली होती. कुठली तार कुठे होती, यातलं मला आता काहीही आठवत नव्हतं.

नाकाशिमाबाई बाटली ठेवून गेल्या. मी गिटार मांडीवर घेऊन तसाच बसलो. मला वाटलं, आंटी चिडतील. आंटी हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की त्यांना खरा खोकला आला आणि ते आल्याचं औषध घ्यावं लागलं.

"अगदी तस्सा!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "अगदी तस्सा मूर्ख! एलायसने पोस्टमनसमोर पण सोडल्या होत्या तारा."

"आंटी, आता काय करायचं?"

आंटींनी औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "वेंडेल, ही जुळणी काउपूंची नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या बाबांची. बेटाच्या दक्षिणेला, काऊच्या माळावर गुरं राखायचे ते. त्यांना मुलगा नव्हता. लग्नात जावयाला द्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ही दिली. आणि एलायसने मांडवात सगळ्यांना काय सांगितलं? माझ्या आजोबांची आहे! सासऱ्याकडून घेतली म्हणायला लाज वाटली त्याला. बाबा नुसते हसले. मी चिडले होते. मग रात्री तो गयावया करायला लागला, की हे कुणाला सांगू नकोस. मी शब्द दिला."

"म्हणजे तुमचा शब्द तारांबद्दल नव्हताच?"

"तारांना कशाला शब्द लागतो? त्याच्या नाकाबद्दल होता."

पडद्यावर उभं राहून रक्ताच्या गोष्टी बोललेला मी आठवलो आणि मला खुर्चीत बसवेनासं झालं. ऑफिसात तर मी ही पणजोबांची गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो.

"मग मला तरी सांगायचं ना आंटी, इतकं खोकण्यापेक्षा!"

"तारा लावून दिल्या असत्या, तर मला कशा येतात, हे तू विचारलंच असतंस. आणि तुलाही तेच नाक आहे बाळा. मामाकडून आलंय." मग त्यांचा आवाज उतरला. "तो गेला. मी चालले. बाबांचं नाव घेणारं इथे कुणीच राहणार नाही. कालोआ. सॅम्युएल कालोआ. म्हणून दाखव बरं."

मी म्हणून दाखवलं.

"आता आण ती गिटार इकडे," आंटी म्हणाल्या. त्यांची बोटं वाकडी झालेली होती, खुंटी धरताना दुखत होतं हे दिसत होतं. पण त्यांनी मला हात लावू दिला नाही. एकेक तार त्या कानाशी नेऊन लावत गेल्या. "नीट बघ. आणि उद्या कुणीही आलं तरी हात मागे बांधून ठेव."

शुक्रवारी सकाळी मी रजा टाकून कपाटात बसलो. आग्बायानी कोंबड्याला घेऊन गेले. फ्रीजवर शार्लीनने लक्ष ठेवलं. मी अंगठा उचलला, आणि दारासमोरचा रस्ता फोडायला सुरुवात झाली.

बाहेर आलो तर आमच्याच पाणी खात्याची टोळी. मुकादम राल्स्टन ड्रिल थांबवून म्हणाला, "नळ बदलतोय, बॉस. हुकूम आहे."

"कुणाचा हुकूम?"

त्याने कागद दाखवला. सही माझी होती.

"मग मीच सांगतो, आज थांबवा."

"लेखी द्या."

"देतो. कागद आण."

"तुम्ही रजेवर आहात ना? रजेवरच्या माणसाची सही चालत नाही, बॉस. तुम्हीच काढलाय तो नियम. मला आठवतंय, कारण मी त्या वेळी भांडलो होतो."

मी घरात परत आलो. संध्याकाळ झाली की आमच्याकडे झाडाझाडांवर कोकी बेडूक ओरडायला लागतात, मग माईक लावण्यात अर्थ नाही. आणि दुसऱ्या दिवशी विमान. मी स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो आणि मला खरंच वाईट वाटलं. इतकी माणसं राबली आणि एक धून माझ्याने होईना.

सकाळपासून शार्लीनला मदत करायला आलेल्या आंटी उठल्या. लाउलाउ गेल्यामुळे त्यांनी आणि शार्लीनने निरोपाच्या जेवणासाठी भलं मोठं पातेलं भरून रस्सा केला होता. आंटींनी ते पातेलं शार्लीनला धरायला लावलं आणि दोघी रस्त्यावर गेल्या. "पोरांनो," त्या म्हणाल्या, "उद्या मी गाव सोडतेय. आज माझ्या हातचं जेवा. पण बसून जेवा, हं. यंत्र चालू ठेवून जेवलं की पोट बिघडतं."

अशा बाईला नाही म्हणणारा माणूस हिलोत अजून जन्माला यायचाय. ड्रिल बंद झालं. तेवढ्यात बर्नार्डचा फोन. आंटींनी माझ्या हातातून काढून घेतला.

"बर्नार्ड, जुळणीच्या मालकीणबाई बोलतायत. परवानगी दिलेली आहे. काय म्हणतोस? समिती? तिला रस्सा ठेवते म्हणून सांग." आणि फोन बंद करून तांदळाच्या डब्यात टाकला.

मी कपाटात शिरलो. आईच्या आणि डीकन पुहींच्या भागाला वेळच उरला नव्हता. आई समजून घेईल, तिलाही नेहमी इस्त्री संपवायची घाई असायची. मी नुसती अंकलची धून वाजवली. एकदाच. अगदी हळू वाजवली. चुकलो तर दुसरी संधी नव्हती, आणि घामाने बोटं निसटत होती. शेवटचा सूर विरला, आणि बाहेर राल्स्टन मोठ्याने म्हणाला, "अजून थोडं वाढा, आंटी." ते रेकॉर्डमध्ये आलं नाही, थोडक्यात चुकलं.

संध्याकाळी आंटी स्वयंपाकघरात हेडफोन लावून बसल्या. मी समोर उभा होतो. खोटं कशाला सांगू, मी शाबासकीची वाट बघत होतो. धून संपली. त्यांनी हेडफोन काढला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.

"तू एलायससारखा वाजवत नाहीस," त्या म्हणाल्या.

माझा चेहरा पडला असणार.

"एलायस चार घरांत ऐकू जावं म्हणून वाजवायचा. जोरात. भरभर." त्यांनी हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. "बाबा असे वाजवायचे. असंच हळू. दिवसभर घोड्यावर बसून आले, की पायरीवर बसून. मी विसरले होते रे. लग्नानंतर कधी ऐकलंच नाही."

हळू वाजवण्याचं खरं कारण मी सांगितलं नाही. मला रडू आलं, आणि शार्लीन बघत होती तरी ते मी आवरलं नाही.

आंटींनी हेडफोन पुन्हा कानांवर चढवला, नीट बसवला, आणि माझ्याकडे न बघता हाताने खूण केली.

"परत लाव," त्या म्हणाल्या.